कोतवालाचं नख

लग्न होऊन मी लालबर्र्याहून बालाघाटला आले, तेव्हा माझ्याबरोबर एक कपाट, एक शिलाई मशीन आणि कोतवाल नावाचा पोपट आला. कपाट आणि मशीन सासूबाईंना आवडलं. पोपटाशी मात्र पहिल्याच सकाळी बिनसलं. कोतवालाला एकच वाक्य येतं, आणि तेही हुबेहूब माझ्या बाबांच्या आवाजात: "श्रुती, चहा ठेव." पहाटे साडेपाचला. ते ऐकून मला इतकं बरं वाटतं की विचारू नका. डोळे उघडेपर्यंत मी माहेरीच असते.

सासूबाईंचं, म्हणजे मैनाबाईंचं, म्हणणं वेगळं. "माह्या घरात माह्या सुनेले चहा मांगाले हे इवाई कायले पायजेत?" इवाई म्हणजे व्याही, माझे बाबा. ते बिचारे लालबर्र्याला गाढ झोपलेले असायचे.

पाच महिने त्यांनी कसेबसे काढले. शेवटी ठरलं की पौर्णिमेचा परित्राण पाठ झाला की दुसऱ्या दिवशी माझा भाऊ लोकेश कोतवालाला परत नेईल. मी हौ म्हटलं आणि न्हाणीत जाऊन पोटभर रडले. नळ चालू ठेवून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये.

पाठ छान झाला. विहारातल्या भंतेजींनी सगळ्यांच्या मनगटाला रक्षणाचा पांढरा धागा बांधला. उरलेला तुकडा सासूबाईंनी पदराला गाठ मारून ठेवला. कशाला, ते मी विचारलं नाही.

सकाळी चहाची ऑर्डर आलीच नाही. जाऊन पाहते तर कोतवाल पिंजऱ्यात एका पायावर धडपडतोय. दुसरा पाय तारेला अडकलेला, एक नख अर्धं तुटलेलं, खालच्या पेपरावर रक्ताचे थेंब. आणि पायात पांढरा धागा, चांगल्या दोन गाठी मारून बांधलेला.

"हे कोनं केलं?"

"मी," सासूबाई दारातून म्हणाल्या. "साऱ्यायले बांधला. तो एकटाच काहून राहीन, म्हनून."

माझी मोठीच पंचाईत झाली. मला कडाकडा भांडायचं होतं. पण ज्या बाईनं पोपटाला घराबाहेर काढायचं ठरवलं, तिनंच त्याला घरच्या माणसांत मोजलं होतं. राग घशातच राहिला आणि वर भलतंच हसू यायला लागलं.

माझ्या नवऱ्यानं, महेंद्रनं, परसवाड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. मी कोतवालाला टॉवेलात गुंडाळून छोट्या कात्रीनं धागा कापला. सासूबाई हळदीचा डबा आणि खोबरेल तेल घेऊन धावल्या.

"हल्दी-तेल कुछ नहीं," फोनमधून आवाज आला. "कॉर्नफ्लोर नाखून पे दबाके रखो, दो मिनट. छाती मत दबाना, सांस रुक जाएगी."

मागच्या रविवारी महेंद्रनं मंचुरियनचा घाट घातला होता, त्यातलं कॉर्नफ्लोरचं पाकीट उरलं होतं. सासूबाईंनी ते दातानं फाडलं आणि निम्मं पीठ आमच्यावर उडालं. कोतवाल पांढरा, मी पांढरी, सासूबाईंच्या भुवया पांढऱ्या. महेंद्र हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी चिमूटभर पीठ नखावर दाबून धरलं, तसा कोतवालानं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. त्यांनी हात हलवला नाही.

"चाव बापा, चाव. चूक माहीच हाये."

दोन मिनिटांनी रक्त थांबलं. "अब तीन दिन आराम," डॉक्टर म्हणाले. "डंडी नीचे लगाओ, नरम कपड़ा बिछाओ, और पिंजरा कहीं ले जाना मत."

नऊच्या सुमारास लोकेश मोटरसायकलवर पिंजरा बांधायची दोरी घेऊन हजर झाला. तीन दिवसांनी का होईना, तो नेणारच होता. सासूबाई पिठाच्या भुवयांसकट दारात आडव्या झाल्या.

"नेता येत नाही त्याले. डॉक्टरनं तीन महिने हलवू नोका म्हनलं."

महेंद्रनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, जोरात. लोकेश चहा-पोहे खाऊन रिकाम्या दोरीसह लालबर्र्याला परतला.

त्याला आता पाच महिने होत आले. नख केव्हाच वाढलं, त्याच पंजात मिरची धरून कोतवाल ती सोलून खातो. लोकेश फोनवर विचारतो, तेव्हा सासूबाई पंजाकडे न बघताच सांगतात, "अजून कच्चंच हाये."

आणि पहाटे साडेपाचला बाबांचा आवाज येतो, "श्रुती, चहा ठेव." मी उठायला लागते, तोच स्वयंपाकघरात भांडं वाजतं.

"निजू द्या तिले, इवाई," सासूबाई पोपटाला सांगतात. "मी ठेवून राह्यली."