दोन नावांची जागा

मी एका चिपच्या मेमरीतली चार बाइटची जागा बोलतेय. २००७ च्या जानेवारीत, भूगावात रत्नाबाईंच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या उत्कर्षाने सी या संगणकाच्या भाषेत एक ओळ लिहिली आणि मी जन्मले.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचं तापमान धरून ठेवायचं, हे माझं काम. माझ्याकडे दोन पॉइंटर बोट दाखवायचे, म्हणजे माझीच दोन नावं. सेन्सरचा आकडा आणून ठेवणारा मला पूर्णांक म्हणायचा, वाचून नेणारा दशांश. मी मात्र एकच!

मग लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आला. काय त्याची बुद्धी! ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोडची काटछाट, ‘ओ-टू’वर ठेवलं, की पापणी लवायच्या आत सगळा कोड वाचून, नको ते गाळून, एवढासा करून द्यायचा. मी बघतच राहायचे.

पण त्याने धरून चाललं, की दोन प्रकारची नावं म्हणजे जागाही दोन. मग इथे पुन्हा पुन्हा कशाला बघायचं? पहिला आकडाच तो घेऊन बसला. माझ्यात एकोणचाळीस, चाळीस, पडद्यावर चोवीसच. हीटर बंदच होईना.

“अगं बाई, आत बाळ असतं तर?” उत्कर्षाने हीटरचा प्लगच उपटला. उद्या यंत्र दवाखान्यात जायचं होतं. तिने ऑप्टिमायझेशन काढलं. संगणकावर चालवताना आकडा हलला, पण कोड फुगून चिपमध्ये मावेना.

दार वाजलं, तशी ती दचकलीच. हळदीकुंकवाहून आलेल्या रत्नाबाई हसत उभ्या, हातात दोन वाणं.

“सोसायटीतल्या बायांची तऱ्हा बघ! यादीत एकीनं माझं माहेरचं नाव लिवलं, तुळजा, दुसरीनं सासरचं. अर्धा तास माझ्याच म्होरं बसून माझीच वाट बघितली की गं!”

“तुम्ही सांगायचं ना, काकू!”

“मला कुणी इचारलं न्हाई. दोन नावं, म्हंजी दोन बाया!”

उत्कर्षा हसता हसता थांबली. नावं निराळी असली तरी जागा एक असू शकते, असं कंपायलरला बजावणारी एक सेटिंग तिने घातली. ‘ओ-टू’ तसंच ठेवलं. कोड मावला.

“काकू, हा सेन्सर मुठीत धरा.”

माझ्यात आणि पडद्यावरही पंचवीस. एकोणतीस. तेहतीस.

“ह्यो माजा हात हाय व्हय?” रत्नाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

आता २०१० आहे. मी एका लहानशा दवाखान्यात असते. सकाळी दीड किलोची एक मुलगी आली. तिची ऊब क्षणाक्षणाला माझ्यात उतरतेय. माझ्या चार बाइटांत ती मावते कशी, मला अजून उमगत नाही.

जरा हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा.