भगवानरावांच्या मशीनची खरखर

विज्ञानाने माणसाचं दुःख हलकं होतं, यावर वामनरावांची अढळ श्रद्धा होती. टपालाने मागवलेल्या रेडिओ-कोर्सच्या पहिल्याच पानावर तसं छापलं होतं. कोर्स त्यांनी अर्ध्यात सोडला, श्रद्धा तेवढी ठेवली. शेगावात स्टेशन रोडवर रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवायला ती पुरत होती.

सन एकाहत्तरच्या पौषात दुकानापुढे बैलगाडीतून एक मशीन उतरलं. वडनेर भोलजीच्या भगवानरावांनी ते घेऊन वीस वर्षं जत्रा पालथ्या घातल्या होत्या. काचेखाली पोलादी गोळी. दांडी ओढून सोडली की ती खुंट्याखुंट्यांवर आपटत खाली यायची, घंटी वाजायची आणि वर आकडे चढायचे. एका बुडालेल्या सर्कसवाल्याने हे अमेरिकेचं लेकरू त्यांच्या गळ्यात घातलं होतं. पुढे ते जळालं आणि दोन वर्षं पडून राहिलं. मागच्या माघात भगवानरावही गेले.

गाडीतून त्यांच्या पत्नी झुंबरबाई उतरल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मशीन चाचपत म्हणाल्या, "भाऊजी, माघात त्यायचं वर्षश्राद्ध हाय. त्याच्या आंदी मले ह्या मशीनचा आवाज एकडाव आयकाचा हाय. बाकी काई नाई."

"एकडाव काऊन, वयनी? जलमभर आयका!"

दोन दिवसांत वामनरावांनी जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलला आणि मशीन पूर्वीसारखं धडधडू लागलं. तिथे थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण दर शंभराच्या आकड्याला आतला एक रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा खटका, अडकायचा आणि खर्रर्र करत बसायचा. मशीनच्या डाव्या कुशीला रंग उडून पंजाएवढा खळगा पडला होता. तिथे थाप मारली की रिले सुटायचा, घंटी वाजायची.

"गावठी इलाज," वामनराव म्हणाले.

रेडिओवाल्याच्या लेखी खरखर म्हणजे दोष. तीन आठवडे खपून त्यांनी सगळे रिले, तांब्याच्या गुंडाळ्या नि घंट्या उपटल्या, ट्रान्झिस्टर बसवले, घंटीच्या जागी स्पीकर लावला. खळगा लांबीच्या लगद्याने बुजवून रंगवला. जुना माल मोतीराम तांबटाकडे मोडीत घातला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी झुंबरबाई एसटीने आल्या. वामनरावांनी दांडी ओढली. गोळी धावली. स्पीकर अदबीने म्हणाला, टिंग.

झुंबरबाई वाट पाहत उभ्या. "चालू करा ना, भाऊजी."

"चालूच हाय, वयनी. सतराशे झाले."

त्यांचा हात मशीनच्या डाव्या कुशीवरून फिरला. गुळगुळीत.

"इथं त्यायचा हात बसे," त्या म्हणाल्या. "मी राहुटीच्या मांगं चुलीपाशी. डोये तवापासूनच अधू. खर्र झालं, का थाप पडे, मंग घंटी. तिन्ही आवाज आले का मी तव्यावर भाकर टाको. माणूस दोन पावलांवर हाय, समजे."

वामनरावांनी सायकल काढली. मोतीराम तांबट उभ्या शेगावात कामाच्या चालढकलीसाठी प्रसिद्ध होता.

"मोतीराम, माह्या त्या गुंडाळ्या कुठं हायत?"

मोतीरामने हातोडीने कोपऱ्यातला तांब्याचा नवाकोरा गंज, पाणी तापवायचं मोठं भांडं, दाखवला. "थो पाहा. काल झाला."

"आन् घंट्या?"

"त्या त्याच्याही आंदी वितयल्या. तूच म्हणाला व्हता ना बे, भंगार हाय?"

वामनराव दुकानी परतले आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या वस्तूत बिघाड करायला बसले. एका तारेची झाळ सैल केली. स्पीकर खरखरला. मग त्यांनी नव्या रंगावर जोरात थाप मारली. टिंग.

झुंबरबाई मान तिरपी करून ऐकत होत्या.

"हाव. असाच व्हता," त्या म्हणाल्या. जरा घाईनेच म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग नुसताच पदर सारखा करत राहिल्या.

"गाडी सांगू का मशीनसाठी?"

"राहू द्या तुमच्यापाशीच. मी येकटी त्याले कुठं ठेवू?"

एसटी गेल्यावर वामनरावांनी ती झाळ पुन्हा पक्की केली.

मशीन आजही दुकानात आहे. त्यात कसलाही बिघाड नाही.