पांढऱ्या नळीचा चमत्कार

कारखान्याच्या कँटीनमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पाळी सुटलेले कामगार बाकांवर उभे होते, बायका पुढे बसल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे बोटाएवढ्या एका काचेच्या नळीवर खिळले होते. एका कामगाराचं रक्त यंत्रात गरगर फिरवून भरलेली ती नळी निर्मळगुरूंच्या हातात होती. तळाशी लाल रक्त बसलेलं आणि वर चक्क दुधासारखं पांढरं पाणी!

"हेच ते कोलेस्टेरॉल!" गुरू गरजले. "डॉक्टर नुसता आकडा दाखवतो. मी माल दाखवतो! आता रात्रभर उपास, मंतरलेलं पाणी आणि माझी नजर. बस्स!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाचं रक्त पुन्हा काढून यंत्रात फिरवलं. वरचं पाणी पिवळसर आणि स्वच्छ. टाळ्यांनी कँटीनचे पत्रे हादरले.

तो माणूस म्हणजे कारखान्याचा क्रेनचालक. त्याची धाकटी बहीण रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तिला घाम फुटला होता, कारण दादाने नुकत्याच सुरू झालेल्या गोळ्यांची पाकिटं खिशातून काढून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"दादा, वेड लागलंय का तुला?"

"अगं, तुझ्या डोळ्यांदेखत रक्त धुतलं की!"

"काल रक्त काढायच्या आधी तुला काय पाजलं होतं?"

"स्वागताचं पेय. पेलाभर मलई, त्यात लोणी घोटलेलं. रक्त घाबरू नये म्हणून."

रक्त घाबरतं, हे तिला बारा वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना हृदय बंद पडून गेले. अंगाने काटकुळे, कधी आजारी नाहीत. दादा आता एकेचाळीसचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की या घराण्यात यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलताच येत नाही. तळलेलं कमी करा, चाला, तंबाखू सोडा, हे सगळं हवंच. पण तेवढ्याने भागणार नाही, गोळी रोज घ्यायची.

तिने ती स्वच्छ नळी मागून घेतली आणि प्रयोगशाळेत तपासली. आकडा आला तीनशे अठरा. दोनशेच्या आत हवा होता.

"तुमचं यंत्र बिघडलंय," दादा म्हणाला. वहिनी रडली, तरी ढिम्म हलला नाही.

पुढच्या आठवड्यात गुरूंचं शिबिर पुन्हा भरलं. या खेपेला बहीणच पुढे झाली. "गुरुजी, माझंही धुऊन द्या."

सकाळी नऊला तिने मलई प्यायली. नाक मुरडलं, पण संपवली. दुपारी एकला रक्त काढून यंत्रात फिरवलं. वरचं पाणी पांढरंफेक!

"बघा, एवढ्याशा बाईत केवढा गाळ!" गुरू खूश झाले.

तिने पर्समधून कागद काढला. "हा आज पहाटेचा, उपाशीपोटीचा अहवाल. कोलेस्टेरॉल एकशे बासष्ट. मग चार तासांत गाळ आला कुठून?"

मंतरलेलं पाणी तिने तिथेच ठेवलं. घरी जाऊन नळाचं प्यायली, संध्याकाळी साधं जेवली आणि गुरूंना मनसोक्त शिव्या घालत झोपली. सकाळी हे सगळ्यांसमोर सांगूनच रक्त दिलं. पाणी स्वच्छ!

"आमची कृपा दूरवर पोचते," गुरू म्हणाले.

"मग मलई कशाला पाजता?" मागून एका फिटरने विचारलं. गुरूंना एकदम दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला.

बहीण बाकावर चढली. "अहो, मलईतली चरबी काही तास रक्तात तरंगते, म्हणून पाणी पांढरं दिसतं. पोट रिकामं राहिलं की शरीर ती आपोआप वापरून टाकतं. तुमचं, माझं, गुरुजींचंही! कोलेस्टेरॉलची गोष्ट वेगळी. ते वाढलं तरी पाणी स्वच्छच दिसतं. ही दादाची नळी बघा. आहे कुठे दूध? पण आकडा तीनशे अठरा."

दादा नळीकडे बघत राहिला. "म्हणजे बाबांचंही..."

"असंच दिसलं असतं रे. कोणी तपासलंच नाही."

तो खाली बसला. मग म्हणाला, "गोळ्या आहेत तुझ्याकडे?" होत्या.

लोकांकडे वळून ती एवढंच म्हणाली, "कोणी रक्त धुऊन देतो म्हणाला, तर त्याला दोन आकडे विचारा. आधी किती होता आणि नंतर किती झाला. तेही त्याच्या यंत्रावर नाही, दुसरीकडे तपासून. डोळ्यांना फसवणं सोपं असतं हो. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच दादा दारात उभा होता. बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी, झोपेने डोळे चोळत.

"घराण्यात आहे म्हणालीस ना," तो म्हणाला. "हिचं बघ आधी."