स्पंजची पट्टी

गिटार दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या तयार कानामुळे अख्खा बाजार 'कानवाले' म्हणायचा, आणि ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माणूस तिरसट, पण कामाला नाव ठेवायला जागा नाही.

त्या दिवशी एक वादक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. "तारा हाताने दाबल्या तरी मागे काहीतरी किणकिणत राहतं. रेकॉर्डिंगमध्ये येतं हो."

म्हाताऱ्याने तारा छेडल्या, दाबल्या, कान लावला. काही नाही. 'मनाचे खेळ आहेत तुमचे' हे वाक्य ओठांवर आलं होतं, पण त्याने गिळलं. मागच्या आठवड्यात एकाला असंच ऐकवलं, तेव्हा काउंटरवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या लेकीने मान खाली घातली होती. ते त्याला अजून सलत होतं.

"ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर हलवायच्या दांडीच्या, स्प्रिंगा वाजत असतील. संध्याकाळी या," तो म्हणाला.

पाठीमागचं झाकण उघडलं की खाचेत तीन स्प्रिंगा. त्यांच्याखाली स्पंजची पट्टी सरकवायची, की झाल्या गप्प. त्याने पट्टी कापली. मध्येच एकजण तारा मागायला आला, त्याच्याशी त्याने भावावरून हुज्जत घातली, मग झाकण घट्ट बसवून लेकीला हाक मारली.

तिने जोरात वाजवून तारा दाबल्या. "गेला आवाज, बाबा. एकदम शांत."

त्याला हायसं वाटलं. आवराआवर करताना कात्री उचलली, तर खाली पट्टी तशीच पडलेली.

"परत वाजव."

तिने वाजवलं.

"गेला?"

"गेला म्हटलं ना."

त्याने पट्टी तिच्यासमोर ठेवली. तिचा चेहरा पडला. मग तिने काउंटरखालचा ड्रॉवर ओढला. आत छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि स्पंजच्या कितीतरी पट्ट्या, नीट कापून ठेवलेल्या.

"देण्याआधी मी एकदा उघडून बघते, राहिलं असेल ते करते," ती म्हणाली. "वर्ष झालं."

वर्षभर त्याने दारात उभं राहून शाबासक्या घेतल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा रागही आला, आणि त्या रागाचीच जास्त लाज वाटली.

"मग मी इथे करतोय काय रोज?"

ती खाली बघत हळू काहीतरी बोलली. त्याला ते ऐकू आलं नाही, आणि परत सांग म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.