सैमा तळ्यावरचे न तुटणारे जाळे

मी एक जुने जाळे आहे. सैमा तळ्याच्या काठी राहणाऱ्या ओइवा तिर्कोनेन नावाच्या कोळ्याने मला स्वतःच्या हातांनी विणले. मित्रांनो, तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू? माझ्या आयुष्याची हकीकत ही एका हेव्याची हकीकत आहे. आणि हेवा तरी कोणाचा, तर तळ्यातल्या एका लठ्ठ, मिशाळ सीलचा.

ज्या हिवाळ्यात ओइवाचे लग्न झाले त्याच हिवाळ्यात माझा जन्म झाला. तळे काठापासून काठापर्यंत गोठले होते आणि कोळ्यांना घरात बसून जाळी विणण्यावाचून काम नव्हते. ओइवाच्या वडिलांची जाळी सुती होती. ती कुजत, फाटत, दर शरदात अर्धी टाकून द्यावी लागत. ओइवाने पहिल्यांदाच नायलॉनचा दोरा आणला. चुलीजवळच्या बाकावर बसून तो लाकडी सुईने एकेक गाठ घालत असे आणि प्रत्येक गाठ दातांनी ओढून बघत असे. त्याची नवी नवरी आउने शेजारी बसून लोकरीचे मोजे विणायची. एके संध्याकाळी ती म्हणाली, "लग्नाला सहा आठवडे झाले. रोज बघते, तुझे हात हिच्याच अंगावर. जाळं नाही, सवत आणलीयस घरात."

ओइवाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "सवत आहे खरी, पण मासे आणेल."

"मग राहू दे," आउने म्हणाली आणि मोज्याचा एक टाका चुकून हसत बसली.

त्या दिवसापासून मला वाटू लागले की या घरात आपण कोणीतरी आहोत.

पहिल्याच वर्षी मी इतके सीका मासे आणले की शेजारचा उर्हो पेसोनेन बघायला आला. उर्हो म्हणजे ओइवाचा बालमित्र, तोंडाने फटकळ. त्याने मला दोन्ही हातांत धरून हिसका दिला, मग पाय रोवून हिसका दिला. "लेका, याला घोडा बांधला तरी तुटायचं नाही," तो म्हणाला. त्या दिवशी ओइवाने मला जरा जास्तच हळुवारपणे खुंटीवर टांगले. वीस वर्षे असेच चालले. मी मासे आणायचे, आउने ते राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळायची, आणि जेवण झाले की दोघे मिळून माझ्यातला काडीकचरा काढायचे. त्यांना मूल नव्हते. मला वाटे, मीच आहे त्यांचे.

मग ती आली.

घरासमोर पाण्यात एक सपाट खडक आहे. एका मे महिन्यात बर्फ फुटल्यावर त्या खडकावर एक सील येऊन पडली. करड्या अंगावर फिकट कड्यांची नक्षी आणि वल्ह्यासारख्या डाव्या पायाला एक खाच. ती दिवसभर लोळायची, पोट खाजवायची, जांभया द्यायची. दुसरे काही नाही. आउने हातातली बादली खाली ठेवून बघत उभी राहिली ती राहिलीच. तिने तिचे नाव ठेवले मामसेली, म्हणजे बाईसाहेब.

"बाईसाहेब आल्या का?" सकाळी उठल्या उठल्या आउनेचा हा पहिला प्रश्न. माझ्यातल्या माशांना कोणी विचारीना. बाईसाहेब माझ्यात अडकलेले मासे अर्धे खाऊन जात, तरी आउने म्हणे, "खा गं बाई, तुझंच तळं आहे."

ओइवालाही ते थोडे झोंबले असावे. एकदा तो म्हणाला, "माझ्याकडे कधी इतका वेळ बघत बसलीस?"

आउने म्हणाली, "तू कधी पाव तास पाण्याखाली राहून, वर येऊन असा फुसकन श्वास सोडलास? करून दाखव, मग बघते."

ओइवा हसला. मी हसले नाही. मी दिवसभर राबायचे आणि ती लोळायची. मी ओले, चिखलाने माखलेले परत यायचे आणि ती उन्हात चकाकायची. खुंटीवर लटकून मी तिच्याकडे बघत असे आणि माझी गाठन् गाठ आवळत असे.

तिसऱ्या वर्षी ती पिल्लू घेऊन आली. बर्फातल्या बिळात जन्मलेले, नुकतेच दूध सुटलेले ते पिल्लू होते. डोळे एवढाले. आउनेने त्या आठवड्यात दोनदा भाकरी जाळली.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगताना मला जड जाते.

ओइवाने मला संध्याकाळी दोन बेटांमधल्या अरुंद पाण्यात टाकले होते. उजाडता उजाडता ते पिल्लू माझ्यात आले. मासा बघून आले असेल किंवा नुसते खेळत आले असेल. डोके आत गेले, मागे येईना. ते ओढू लागले. ओइवाच्या वडिलांची सुती जाळी असती तर फाटली असती आणि ते निसटले असते. मी फाटले नाही. न फाटणे हेच तर माझे नाव होते. त्याची आई माझ्याभोवती घिरट्या घालत होती, वर जात होती, पुन्हा खाली येत होती. पिल्लाची धडपड हळू झाली आणि थांबली. आणि त्या वेळी माझ्या मनात आले, आता आउने माझ्याकडे बघेल.

तिने बघितले. ओइवाने मला होडीत ओढले आणि धक्क्यावर आणले तेव्हा ती धावत आली. तिने आधी पिल्लाकडे बघितले, मग माझ्याकडे. तसे माझ्याकडे कोणी कधी बघू नये.

ओइवा खालच्या आवाजात म्हणाला, "पोत्यात दगड घालून खोल पाण्यात सोडतो. कोणाला कळायचं नाही."

"मला कळलंय ना," आउने म्हणाली. "फोन कर."

दुपारी ऐला हुओपाना नावाच्या सील-संशोधक बाई आल्या. त्यांनी पिल्लू मोजले, वजन केले आणि धक्क्यावर बसून सगळे वहीत लिहून घेतले. ओइवा म्हणाला, "बाई, मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोणीच करत नाही, तिर्कोनेन," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अवघड आहे. ही सीलची जात सगळ्या जगात फक्त या एका तळ्यात आहे. दीडशे-पावणेदोनशे उरल्यात. त्यांना आता कोणी मारत नाही. त्या नुसत्या बुडतात."

जाताना त्यांनी आउनेला एक छापील कागद दिला. देशातल्या सगळ्या रानटी सस्तन प्राण्यांची ती यादी होती. आउनेने ती होडीच्या छपरीत नेमकी माझ्यासमोर टाचली. पुढचे कित्येक हिवाळे मी तीच वाचत लटकले. मूस हरिण, पांढरा ससा, लाल खार: यांच्यापुढे धोक्याची काही खूण नव्हती, ते सुखात होते. उडत्या खारीपुढे एक खूण होती. लांडगा, अस्वल यांच्यापुढेही होत्या. उत्तरेकडच्या पांढऱ्या कोल्ह्याची गत तर सगळ्यांत वाईट, तो जवळजवळ संपलाच होता. पण आउनेने पेन्सिलीने रेघ ओढली ती तळ्यातल्या सीलच्या नावाखाली, तीही दोनदा. मी मनात जळत होते. हाताने विणलेली जाळी या तळ्यावर किती उरली, ते कोणी मोजले होते? आमची यादी कोणी टाचली होती?

त्याच शरदात गावात कोळ्यांची बैठक झाली. वसंतात, पिल्ले पोहायला शिकतात त्या अडीच महिन्यांत, कोणी पाण्यात जाळे सोडायचे नाही अशा करारावर सह्या मागितल्या होत्या. परत येताना उर्हो ओइवाबरोबर छपरीपर्यंत आला.

"सही करणार तू?" उर्होने विचारले. "सीलसाठी जाळं खुंटीला? मग वसंतात आपण काय खडक चाटायचे?"

आउने दारात उभी होती. ती म्हणाली, "ती सही मागायला दारात येणार नाही, ओइवा. तिच्यासाठी मी मागतेय."

"आउने, माझ्या बापाने वसंतातच मासे धरले."

"तुझ्या बापाचं जाळं फाटायचं."

ओइवा माझ्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन त्याने सही केली. उर्होने केली नाही. तो सहा वर्षे ओइवाला 'सीलबाई' म्हणत होता.

मला शरदात काम मिळे, पण वसंत कोरडा जाई. खुंटीवर लटकून मी बर्फ फुटण्याचा आवाज ऐकायचे, मासे उसळताना ऐकायचे, आणि मग आउनेचा आवाज यायचा, "बाईसाहेब आल्या हो!" पिल्लू गेल्यावरही मामसेली त्याच खडकावर येत राहिली. आउनेला ती का येते ते कळत नसे आणि ती दर वेळी रडत असे. माझ्यासाठी कोणी रडले नाही.

मग एका मार्चमध्ये आउने वारली. आजार फार लांबला नाही. ओइवाने तिची खुर्ची खिडकीजवळून हलवली नाही आणि स्वतः त्या खुर्चीत बसलाही नाही.

त्याच मे महिन्यात उर्हो छपरीत आला. त्याचे मुलगे हेलसिंकीहून येणार होते आणि त्यांना ताज्या सीका माशाची आठवण येत होती. त्याचे स्वतःचे जाळे जुने होऊन चिंध्या झाले होते.

"एका दिवसापुरतं दे," तो म्हणाला. "बेटांमधल्या पाण्यात टाकतो. कोणी बघत नाही."

माझे सगळे अंग शिरशिरले. बेटांमधले पाणी! वसंतातले थंडगार पाणी! मला कोणीतरी मागत होते.

"नाही," ओइवा म्हणाला.

"अरे, आउने गेली आता. कोणासाठी धरून बसलायस?"

ओइवाने मला खुंटीवरून काढले, जमिनीवर पसरले आणि कमरेची सुरी उपसली.

"वेडा झालास का?" उर्हो ओरडला. "तू विणलंयस हे! लग्नाच्या वर्षी!"

"म्हणून तर मलाच कापायला हवं," ओइवा म्हणाला. "छपरीत आहे तोवर कोणीतरी मागायला येईल. आज तू, उद्या दुसरा. एखाद्या वर्षी मीच."

सुरी लागेना. मी घोड्याने न तुटणारे जाळे होते, आणि माझ्या गाठी त्यानेच दातांनी ओढल्या होत्या. त्याचे हात म्हातारे झाले होते, घसरत होते, आणि सुरी पुन्हा पुन्हा दोऱ्यावरून सरकत होती. उर्हो बघत उभा होता. मग तो गुडघे मोडून खाली बसला आणि त्याने माझे दुसरे टोक ताणून धरले, सुरी नीट चालावी म्हणून. दोघे म्हातारे दुपारभर कापत होते. शेवटी उर्हो उठून गुडघे झटकत म्हणाला, "पोरांना गळ टाकायला लावतो. बसतील कंटाळत." आणि दारातून वळून म्हणाला, "तो करार अजून आहे का कोणाकडे?"

माझे दोन मोठे तुकडे ओइवाने आउनेच्या वाटाण्याच्या वाफ्यावर बांधले. मी आजही तिथेच आहे. आता उर्होची नात कधी कधी येते आणि ओइवाला सांगते की तळ्यात सील चारशेच्या वर गेल्यात. अजून त्या यादीत धोक्यातच आहेत, पण वाढतायत. ओइवा मान हलवतो आणि वाटाण्यांना पाणी घालतो.

मित्रांनो, हेवा माझा अजून गेलेला नाही. खडकावर एखादे करडे अंग चकाकले की मी अजून आवळते. पण तुम्हाला एक विनवणी आहे. पाण्यात काही टाकण्याआधी, ते चुकून कोणाला धरेल याचा विचार करा. घट्टपणाची माझी खूप स्तुती झाली, पण सोडायला मला कोणी शिकवले नाही. ते मी या वाफ्यात शिकते आहे. जूनमध्ये वाटाण्याचे वेल माझ्या एकेका भोकात बोटे घालून मला घट्ट धरतात, आणि शरद आला की आपणहून सैल होऊन गळून पडतात.