अर्धे पिवळे

मी मण्यांची पाटी बोलतेय. एक लाकडी चौकट, तिच्यात आडव्या दहा तारा आणि प्रत्येक तारेवर एकाच रंगाचे दहा मणी. सगळ्यांत वर लाल, त्याखाली पिवळे, मग हिरवे, निळे असे खाली उतरत जातात. लेकरांनी मणी सरकवावे आणि मोजावे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

माझी चौकट वरूडच्या संत्र्याच्या पेटीची. देवमन सुतार हंगामात पेट्या ठोकायचा आणि उरलेल्या फळ्यांची खेळणी करायचा. रंधा मारून त्याने मला इतकं गुळगुळीत केलं, की लेकरांच्या बोटात कधी कुसळ गेलं नाही.

त्याच्याकडून मला नितेशने घेतलं. अमरावतीला राजापेठेत त्याचं कुलर-पंख्यांचं दुकान होतं. वरूडला तो कुलर पोचवायला आला होता. त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा झाली होती. गणित घरात खेळासारखं येऊ द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. नितेशने ते मनावर घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते.

घरात चौघं. नितेश, त्याची बायको भावना, चौथीतली प्रणाली आणि पहिलीतली चंदा. सुरुवातीचे दिवस खरंच गमतीचे होते. भावना पोळ्या लाटायची आणि चंदा मोजून टोपलीत टाकायची. प्रणाली जिन्याच्या पायऱ्या दोन-दोनने म्हणत चढायची. संत्रं सोललं की फोडी वाटायचं काम चंदाचं. सगळ्यांना दोन-दोन दिल्यावर दोन उरल्या, तर ती बराच वेळ विचार करायची. मग एकेका फोडीचे दोन तुकडे करून पुन्हा सगळ्यांना वाटायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

प्रणाली चटकन उत्तर द्यायची. चंदाला वेळ लागायचा. एकेका मण्यावर बोट ठेवून ती त्याला नीट भेटून यायची. मला तिचं बोट आवडायचं.

एका रविवारी संध्याकाळी नितेशने मला खोलीच्या मधोमध ठेवलं. मोबाईलवर व्हिडिओ काढत त्याने विचारलं, "चंदाबाई, सात आन् आठ किती?"

चंदाने सात लाल मणी सरकवले. मग आठ मोजायला लागली. तीन लाल सरकवल्यावर ती तार संपली, म्हणून खालच्या तारेवरचे पाच पिवळे सरकवले. ती मागे सरकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धे पिवळे."

आधी प्रणाली हसली. मग नितेश. भावना पोळी तव्यावर ठेवून आली आणि तीही हसली.

"काय म्हणतं व? पुन्हा सांग," नितेश म्हणाला.

"अर्धे पिवळे," चंदा म्हणाली. सगळे हसत होते, म्हणून तीही हसली.

ते उत्तर चूक नव्हतं. लाल सगळे आणि पिवळे अर्धे, म्हणजे पंधराच. सहा वर्षांच्या पोरीने दहाची रास मनात धरली होती आणि तिच्यावर उरलेले पाच रंगाने सांगितले होते. कसं काढलं, एवढं कोणी विचारलं असतं तर तिने दाखवलं असतं. पण व्हिडिओ तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता. अकोल्याहून भावनाच्या भावाचा, देवीदासचा, लगेच फोन आला. तो इतका हसत होता, की त्याला बोलता येईना.

त्यानंतर घरी जो येई तो आधी तेच विचारी. "सात आन् आठ किती व?" चंदा सांगायची. माणसं पोट धरून हसायची. कोणी गाल ओढायचं, कोणी चॉकलेट द्यायचं. आठ दिवसांत तिने मणी सरकवणं सोडून दिलं. उत्तर तयारच होतं.

मग देवीदासच्या मुलाचं साक्षगंध आलं, म्हणजे साखरपुडा. अकोल्याला जाताना नितेशने मला पिशवीत घातलं. भावना म्हणाली, "हे काहून घेता? कार्यक्रम त्याचा आहे ना?"

"लोक चंदाची वाट पाहून राहिले," नितेश म्हणाला.

जेवणं झाल्यावर हॉलमध्ये चंदाला खुर्चीवर उभं केलं आणि मला तिच्या हातात दिलं. तिने तिचं ठरलेलं उत्तर दिलं. सगळे हसले, पण देवीदासचं समाधान झालं नाही. त्याने विचारलं, "आता दुसरं सांग. चार आन् चार किती?"

चंदाने बोटाने चार मणी सरकवले. अजून चार सरकवले. ओठ हलले. मला ऐकू आलं, ती आठ म्हणाली होती. पण एवढ्या गर्दीत तो आवाज कोणाला पोचला नाही. लोक थांबले होते. चंदाने त्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "मामाची मिशी."

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. देवीदासने आपली आईस्क्रीमची वाटी तिला दिली. खुर्चीवर उभ्याउभ्या ती खाताना मी तिच्या बगलेत होते. त्या दिवशी ती एक गोष्ट शिकली. आठ म्हटलं तर काहीच मिळत नाही.

घरी दुपारी सगळे झोपले, की ती मला पलंगाखाली नेऊन पालथी पडायची. सहा आणि पाच. नऊ आणि चार. मणी वाजू नयेत म्हणून दोन बोटांनी हळू सरकवायची आणि बरोबर उत्तर अगदी बारीक आवाजात सांगायची. कोणी उठल्याची चाहूल लागली, की मला ढकलून द्यायची.

शाळेत बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावलं, तेव्हा तिने तिथेही मामाची मिशीच सांगितली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बाईंनी नितेशला बोलावून घेतलं आणि चार बायकांदेखत विचारलं, घरी तुम्ही हिचा अभ्यास काहीच घेत नाही का?

तो घरी आला तो चपला न काढताच. मला चंदापुढे आपटलं.

"चार आन् चार?"

चंदाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आज काय हवंय, ते तिला कळेना. तिने अंदाज घेतला. "अर्धे पिवळे."

तो हसला नाही.

"मामाची मिशी," ती म्हणाली आणि स्वतःच थोडं हसून दाखवलं.

नितेशने हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्याने मोबाईल काढला, साक्षगंधातला व्हिडिओ लावला आणि बघ म्हणत तिच्या तोंडासमोर धरला.

"पाय. नीट पाय. हे लोक काहून हासून राहिले? तुले वाटलं, कौतुक करून राहिले? तुले हासून राहिले ते. पोट्टी येडी आहे म्हणून हासून राहिले."

"अहो, बस करा," भावना म्हणाली.

"तू बी हासली होती," नितेश म्हणाला.

चंदाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यात तिची आई हसत होती, ताई हसत होती, मामा टाळ्या देत होता. ती रडली नाही. संपल्यावर तिने विचारलं, "आई बी?"



चार-पाच दिवसांनी शेजारची माया खेळायला आली. माया चार वर्षांची. चंदाने तिला माझ्यापुढे बसवलं आणि विचारलं, "तीन आन् दोन किती?"

मायाने मणी सरकवून मोजले. "पाच."

उत्तर अगदी बरोबर होतं. चंदा हसायला लागली. पोट धरून, मान मागे टाकून. मायाला वाटलं आपलं चुकलं. तिने पुन्हा मोजलं आणि पुन्हा पाच सांगितलं. चंदा अजून मोठ्याने हसली. "ताई, ये व, पाय हे येडी काय म्हणते." मायाने तिसऱ्यांदा मोजलं आणि घाबरून म्हणाली, "सहा?"

"हाव," चंदा म्हणाली. "आता बरोबर."

भावना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. रडणाऱ्या मायाला घरी पोचवलं, मला उचललं आणि कपाटावर ठेवून दिलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. चंदा तिसरीत आहे. राजापेठेतच गणिताच्या शिकवणीला जाते. घरी आलेल्यांना नितेश सांगतो, मोठीचं डोकं चालते, लहानीले गणित जमत नाही. आता कोणी हसत नाही. चंदा तिथेच बसून ऐकते आणि मान हलवते.

मागच्या महिन्यात, नितेश दुकानात आणि प्रणाली शाळेत असताना, भावनाने मला खाली काढलं. पदराने धूळ पुसली. चंदाजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "चाल, आपण दोघी खेळू. कोणी नाही घरात."

चंदाने विचारलं, "मोबाईल कुठी आहे?"

"नाही व बाई. तिकडं आहे, चार्जिंगले."

चंदा उठली. चार्जिंगजवळ जाऊन मोबाईल पाहून आली. तो तिने पालथा ठेवला. मग उशीखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. आईच्या हाताकडे पाहिलं. सगळं पाहून झाल्यावर येऊन बसली. भावनाने दोन मणी सरकवले, अजून दोन सरकवले आणि विचारलं नाही काहीच. नुसती थांबली.

चंदाचं बोट माझ्या तारेपर्यंत आलं. मी दोन वर्षं त्या बोटाची वाट पाहिली होती. ते तिथे थोडा वेळ थांबलं आणि परत गेलं.

"मले येत नाही," ती म्हणाली, आणि दप्तर उघडून चित्र रंगवायला लागली.

भावनाने मला पुन्हा कपाटावर ठेवलं नाही. तिने मला खिडकीत ठेवलं. आता मी तिथेच असते. चंदा येता-जाता मला पाहते, हात लावत नाही. तारा थोड्या गंजल्या आहेत, पण मणी अजून सरकतात.

तुमच्या घरात लहान लेकरू असेल आणि त्याच्यापुढे माझ्यासारखी कोणी असेल, तर एवढंच मागते. त्याने उत्तर दिलं, की आधी त्याच्याजवळ खाली बसा आणि विचारा, "कसं काढलं, बेटा?" मग ते बोलेल. ते बोलत असताना तुमचे दोन्ही हात रिकामे असू द्या.