नितेशचा नंबर

राजेशच्या छातीवर नितेशचा नंबर होता, तिथेच सगळी वाट लागली.

नितेश आमच्याच बोरिवलीच्या बिल्डिंगमधला, माझ्या नवऱ्याचा पळण्यातला दोस्त. त्याची पोटरी धरली, म्हणून गोरेगावच्या हाफ मॅरेथॉनचा नंबर त्याने राजेशला देऊन टाकला. "हे नियमात बसतं का रे?" मी विचारलं. "सुलू, सगळे करतात गं," राजेश म्हणाला. करा! पण नितेश पळतो जोरात, त्याचा नंबर पहिल्या तुकडीचा. आणि माझा हा शुगरवाला माणूस साडेसात मिनिटांना एक किलोमीटर काढणारा. पुढच्यांमध्ये उभं केलं की पाय त्यांच्याच मागे सुटतात.

मी शेवटच्या रेषेपाशी केळी घेऊन उभी. मोबाइलवर नितेशचा नंबर टाकून बघत होते. पाच किलोमीटर, सत्तावीस मिनिटं. अरे देवा! रोज याला सदतीस लागतात. दहा किलोमीटर, छप्पन्न. हळू पळ म्हणून इथून कोणाला ओरडून सांगणार? सकाळी शुगरची गोळी घेतली, पण वर केळं नको म्हणाला. पोट जड होतं म्हणे.

पंधराचा आकडा आलाच नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी मेडिकलच्या तंबूकडे धावले. "राजेश सावंत आहेत का?" यादी बघून तिथली बाई म्हणाली, "या नावाचं कोणी पळतच नाहीये."

तेवढ्यात नितेशचा फोन. "वहिनी, मी पडलोय म्हणे."

नंबराच्या मागे घरच्यांचा फोन लिहायचा असतो. त्या शहाण्या नितेशने स्वतःचाच लिहिला होता.

"अँब्युलन्समधून शेवटच्या रेषेजवळच्या मेडिकल तंबूत नेलंय," तो म्हणाला. "त्यांचा फोन आला तेव्हा मी नितेशचा भाऊ बोलतोय सांगितलं. आजार विचारले, तर काही नाही म्हटलं. नंबर दिल्याचं कळलं तर मला पुन्हा पळू देणार नाहीत ना..."

"शुगर आहे त्याला, गाढवा!"

मी त्याच तंबूचा पडदा बाजूला केला. दहा पावलांवर राजेश पडला होता, पांढराफटक, घामाने निथळत. हाताला सलाइन. "नितेश, डोळे उघडा," डॉक्टर त्याचे गाल थोपटत होती. "हा नितेश नाही!" मी किंचाळले. "राजेश आहे. शुगरची गोळी घेऊन उपाशी पळालाय." तिने झटकन बोट टोचलं, आकडा बघितला आणि ग्लुकोज मागवलं.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. "नाव काय तुमचं?" डॉक्टरने विचारलं.

"नितेश."

मला रडू आणि राग एकदमच आला. मेला, अजून खोटं बोलतोय! त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "नाटक बस झालं. मी सगळं सांगितलंय. आता सांग, मी कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला, शेजारणीकडे बघून हसतात तसा.

"वहिनी," म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. "शुगर अजून उतरलेलीच आहे, म्हणून भ्रमलेत," म्हणत डॉक्टरने दुसरं ग्लुकोज मागवलं, आणि मी त्याच्या छातीवरचा तो नंबर ओरबाडून काढला.